धुराची वाट : अमेरिकी पिकअपच्या सायलेन्सरचा इतिहास

मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनापासून सुरुवात करतात आणि गाडीच्या रंगरूपापाशी येऊन थांबतात. गाडीच्या पोटाखालून मागे जाणाऱ्या नळीकडे सहसा कोणी वळत नाही. ती काळी असते, गंजलेली असते आणि खाली वाकल्याशिवाय दिसतही नाही. पण गाडीच्या सगळ्या भागांत या नळीचे एक वेगळेपण आहे. इंजिनाची ताकद मालकाच्या कामी येते, आसनाचा आराम मालकाला मिळतो. नळीतून बाहेर पडणारा आवाज आणि धूर मात्र रस्त्यावरच्या सर्वांच्या वाट्याला येतो. मालकाने पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू जिथे संपते आणि सगळ्यांची हवा जिथे सुरू होते, ती सीमारेषा म्हणजे या नळीचे टोक.

मी पेशाने यंत्र-अभियंता. उमेदीची वर्षे पुण्याच्या वाहन उद्योगात गेली. निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात अमेरिकेतील मिशिगन राज्यात मुलाकडे मुक्काम असतो. त्याने १९५७ ची शेवरोले ३१०० ही पिकअप घेतली. तिची एक्झॉस्ट व्यवस्था नव्याने बसवायचे ठरले, आणि कोणती नळी घ्यावी, कोणता सायलेन्सर बसवावा, या साध्या प्रश्नांच्या मागे लागून मी जुने पेटंट, मासिके आणि कायदे चाळू लागलो. त्यातून जे हाती आले, ते एका सुट्या भागाच्या इतिहासापेक्षा बरेच मोठे निघाले.

घोडे बुजतात म्हणून

इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज हे बंधू होते. मिल्टनने १८९६ मध्ये स्वतःची मोटारगाडी बनवली. उघड्या नळीतून येणारा स्फोटांचा आवाज रस्त्यावरच्या घोड्यांना सोसवणारा नव्हता. १८९७ मध्ये या दोघा भावांना इंजिनाचा आवाज दाबणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळाले. म्हणजे मोटारीच्या पाठीवर सायलेन्सर आला तो चालकाच्या सोयीसाठी आला नाही. रस्ता ज्यांच्याबरोबर वाटून घ्यायचा होता, त्यांच्यासाठी आला. पुढे १९०९ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. हे मॅक्सिम मूळचे मोटार अभियंते. बंदुकीची गोळी सुटल्यावर येणारा वायू आणि सिलिंडरची झडप उघडल्यावर सुटणारा वायू यांचे शास्त्र एकच आहे : दाबलेला वायू एकदम मोकळा झाला की धमाका होतो, त्याला खोल्याखोल्यांतून, वळणावळणाने जायला लावले की तो शांत होतो. अमेरिकेत या डब्याला ‘मफलर’ म्हणतात. आपण इंग्रजांच्या मागोमाग ‘सायलेन्सर’ म्हणतो आणि तोच शब्द मी इथे वापरणार आहे.

सायलेन्सर आला तशी पळवाटही आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अनेक गाड्यांना ‘कटआउट’ नावाची झडप असे. पायाने ती दाबली की धूर सायलेन्सर टाळून थेट बाहेर पडे. चढणीला जरा जोर मिळतो, हे कारण सांगितले जाई. आवाजाची हौस हे दुसरे कारण सांगायची गरज नसे. पुढे अनेक शहरांनी कटआउटवर बंदी घातली. मालकाची हौस, शेजाऱ्याची तक्रार, मग कायदा, आणि कायद्याला वळसा हा क्रम इथपासूनच सुरू होतो.

फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच मागे हौदा लावलेली पहिली मॉडेल-टी पिकअप एप्रिल १९२५ मध्ये बाजारात आणली. किंमत होती २८१ डॉलर. शेतकऱ्याने दाण्याची पोती न्यावीत, गवंड्याने विटा न्याव्यात, अशी ती कामाची गाडी. तिला एकच बारीक नळी आणि एक साधा डबा पुरत असे. त्यात कोणी काही सुधारणा करील, असे तेव्हा कोणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते.

ताकद आणि ताल

ते कारण १९३२ मध्ये मिळाले. त्या वर्षी फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिले : २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. सामान्य माणसाला परवडणारे हे पहिले आठ सिलिंडरचे इंजिन. फोर्डच्या पिकअपमध्येही ते १९५३ पर्यंत टिकले. पण त्याच्या रचनेत एक अवघड जागा होती. झडपा सिलिंडरच्या बाजूला, खाली बसवलेल्या. त्यामुळे जळालेला तापलेला वायू बाहेर काढण्यासाठी वाट ठेवली ती थेट इंजिनाच्या ठोकळ्यातून, सिलिंडरांच्या मधून, थंड ठेवण्याच्या पाण्याला चाटून. शिवाय चार सिलिंडरांच्या प्रत्येक रांगेला बाहेर पडायची तोंडे तीनच. मधल्या दोघांचे एक सामाईक. म्हणून हे इंजिन तापण्यासाठी प्रसिद्ध झाले, आणि त्याचा धूर लवकर व मोकळा बाहेर कसा काढावा, हा तरुण मेकॅनिकांचा आवडता विषय झाला.

दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक आणि एल मिराज अशी कोरडी पडलेली सपाट तळी आहेत. १९३० च्या दशकात तिथे तरुण मंडळी आपापल्या गाड्या पळवत. येताना शहरातून सायलेन्सर लावून यायचे, तळ्यावर पोहोचले की नळीच्या बाजूचे टोपण उघडायचे आणि धूर थेट सोडायचा. या नळ्यांचे नावच ‘लेक्स पाइप’ पडले. पुढे वेगाशी संबंध नसलेल्या गाड्यांवरही त्या केवळ शोभेसाठी दिसू लागल्या.

इथे थोडे शास्त्र सांगायला हवे, कारण ‘नळी मोठी केली की ताकद वाढते’ हा समज आपल्याकडेही आहे. झडप उघडते तेव्हा वायूचा एक लोट नळीतून धावत सुटतो. त्याच्या मागे क्षणभर कमी दाबाची जागा तयार होते, आणि ती पुढच्या खेपेचा धूर ओढून काढायला मदत करते. प्रत्येक सिलिंडरला ठरावीक लांबीची आणि जाडीची स्वतंत्र नळी दिली, तर ही ओढ नेमकी उपयोगी पडते. नळी वाजवीपेक्षा मोठी घेतली, तर वायूचा वेग मंदावतो, ओढ कमी होते आणि कमी फेऱ्यांवर गाडी उलट ढिली पडते. पिकअप ही ओझे ओढणारी, कमी फेऱ्यांवर चालणारी गाडी. तिला मोठी नळी नव्हे, बेताची नळी मानवते.

आवाजाचा तालही याच हिशेबातून येतो. शेवरोलेचे १९५५ चे व्ही-८ घ्या. त्यात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम आकड्यांची रांग डावीकडे, सम आकड्यांची उजवीकडे. डाव्या रांगेचा धूर वेगळा काढला तर लोटांमधले अंतर २७०, १८०, ९० आणि १८० अंश असे विषम पडते. अमेरिकी व्ही-८ ची ती गडगडती, अडखळल्यासारखी वाटणारी गुरगुर म्हणजे हे विषम अंतर. दोन्ही बाजूंच्या नळ्या मध्ये एका आडव्या नळीने जोडल्या, की ती बरीच मऊ होते.

आमच्या गाडीत मात्र व्ही-८ नाही. शेवरोलेचे जुने २३५ घनइंचांचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन आहे. त्याचा क्रम १-५-३-६-२-४. पुढचे तीन आणि मागचे तीन सिलिंडर वेगळे केले, तर गंमत अशी की दोन्ही गटांत लोटांचे अंतर बरोबर २४० अंशांचे, अगदी समान येते. म्हणून १९५० च्या दशकात ‘मॅनिफोल्ड दुभागणे’ ही या इंजिनाची लाडकी सुधारणा झाली. फेंटन कंपनीचे बिडाचे दुभागलेले मॅनिफोल्ड तेव्हापासून प्रसिद्ध आहेत. गरिबाच्या सहा सिलिंडरच्या पिकअपलाही दोन नळ्या आणि स्वतःचा एक करकरीत स्वर मिळाला.

गंजाचे अर्थशास्त्र

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात नळीतून जाते. गाडी लांबवर चालली तर नळी तापते आणि वाफ निघून जाते. बाजारापर्यंत जाऊन परत आले, तर वाफ थंड पत्र्यावर जमते, त्यात आम्ल मिसळते आणि नळी आतून गंजते. दोन नळ्या केल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला उष्णता निम्मीच येते, म्हणून त्या लवकर गंजतात. मिशिगनसारख्या राज्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे बाहेरूनही तोच हल्ला.

या गंजावर एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. १९५६ मध्ये नेट शर्मन यांनी जॉर्जिया राज्यातील मेकन येथे फक्त सायलेन्सर बदलून देणारे ‘मायडस’चे पहिले दुकान काढले. अशा दुकानांतून हायड्रॉलिक यंत्रावर नळी तिथल्या तिथे वाकवून मिळू लागली. साध्या यंत्रावर वाकवलेली नळी वळणापाशी चेपते आणि अरुंद होते. आत आधार देऊन वाकवली तर व्यास कायम राहतो. आज जुन्या पिकअपला नवी व्यवस्था बसवताना खरा फरक पडतो तो इथे. नळीचा व्यास वाढवण्यापेक्षा तिची वळणे न चेपू देणे अधिक मोलाचे.

नळीतून गेलेले शिसे

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे हा विषय मला हौसेच्या पलीकडचा वाटू लागला.

पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले की इंजिन ठोके देत नाही, हा शोध टॉमस मिडग्ली यांनी १९२१ मध्ये लावला. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतील डेटन येथे असे पेट्रोल विकायला सुरुवात झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. मे १९२५ मध्ये सरकारने वॉशिंग्टनला परिषद भरवली. फोर्डची पहिली पिकअप बाजारात येऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. पुढच्या वर्षी शिसेयुक्त पेट्रोलला मोकळीक मिळाली.

यातला तांत्रिक भाग मी अनेकदा वाचला आणि दर वेळी थबकलो. शिसे जळून इंजिनातच राहिले असते, तर झडपा आणि प्लग खराब झाले असते. म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीन आणि क्लोरीनची संयुगेही मिसळत. त्यांच्यामुळे शिसे वायुरूप क्षारात बदले आणि धुराबरोबर निघून जाई. म्हणजे शिसे बाहेर पडणे हा अपघात नव्हता. ते बाहेर पडावे अशीच योजना होती. इंजिन स्वच्छ राहावे म्हणून हवा वापरली गेली. त्या काळचे मेकॅनिक नळीच्या आतला रंग पाहून इंजिनाची प्रकृती सांगत. फिकट राखाडी रंग म्हणजे उत्तम. तो राखाडी रंग शिशाचा होता.

दरम्यान लॉस एंजलिसवर १९४३ पासून डोळे चुरचुरवणारे धुके येऊ लागले होते. कॅल्टेक संस्थेतील आरी हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ तोवर अननसाच्या स्वादावर काम करत होते. त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून येणारी न जळलेली हायड्रोकार्बन्स व नायट्रोजनची ऑक्साइड्स उन्हात एकत्र येऊन ओझोन तयार होतो. धूर निर्धोक करणारा उत्प्रेरक डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, यूजीन हुड्री यांनी त्याच दशकात तयार केला होता. पण शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होई. उपाय होता, पेट्रोलच त्याच्या आड येत होते.

अमेरिकी संसदेने १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला आणि गाड्यांचे उत्सर्जन सुमारे ९० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले. १९७५ च्या बहुतेक नव्या मोटारी कन्व्हर्टर लावून आल्या, आणि त्यांच्यासाठी पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवणे १९७४ मध्येच सक्तीचे झाले होते. परिणाम रक्तात दिसला. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकी नागरिकांच्या रक्तातील शिशाची सरासरी दर डेसिलिटरला १४.६ मायक्रोग्रॅमवरून ९.२ वर आली. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी मात्र १९९६ च्या १ जानेवारीला आली. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर १९९५ च्या एप्रिलपासून सक्तीचा झाला आणि देशभर शिसेयुक्त पेट्रोल २००० साली थांबले. पुण्यात स्कूटरमागे उभे राहून सिग्नलची वाट पाहणाऱ्या माझ्या पिढीने ते शिसे भरपूर प्यायले आहे.

सहा हजार पौंडांची भिंत

१९७५ च्या कन्व्हर्टरच्या नियमात पिकअपसाठी एक रेघ होती. गाडीचे स्वतःचे वजन आणि ती वाहू शकेल असा भार मिळून ६,००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २,७२० किलोंपेक्षा अधिक क्षमता असेल, तर ती जड गाडी. तिला हलक्या गाड्यांचे कडक नियम नाहीत. शेतकरी आणि कारागीर यांच्या जड कामाच्या गाड्यांना सवलत, असा त्यामागचा हेतू.

फोर्डची नेहमीची अर्ध्या टनाची पिकअप होती एफ-१००. १९७५ मध्ये कंपनीने थोडी अधिक भारक्षमता असलेली नवी गाडी आणली. तिची क्षमता ६,००० पौंडांच्या किंचित वर ठेवलेली होती. त्यामुळे तिला कन्व्हर्टर नको आणि शिसेविरहित पेट्रोलही नको. तिचे नाव एफ-१५०. शेवरोलेनेही ‘बिग-१०’ नावाने तेच केले. आज एफ-१५० हे अमेरिकेतील पिकअपचे सर्वांत ओळखीचे नाव आहे, आणि फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून तिथे सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. त्या नावातला १५० हा आकडा ताकदीचा वा वेगाचा नाही. तो धुराच्या नियमाला घातलेल्या वळशाचा ठसा आहे.

या वळशाचे सर्वांत देखणे अपत्य १९७८ मध्ये आले : डॉज कंपनीची ‘लिल रेड एक्स्प्रेस’. लाल रंग, लाकडी पट्ट्यांचा हौदा, ३६० घनइंचांचे व्ही-८ आणि केबिनच्या मागे दोन्ही बाजूंना उभी, चकचकीत क्रोमची दोन धुराडी. जड गाडीच्या वर्गात बसल्याने तिला कन्व्हर्टर नव्हता. त्या वर्षी मोटारींची इंजिने नियमांखाली मंदावलेली असताना, ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या चाचणीत ही मालवाहू गाडी शून्यापासून ताशी शंभर मैल गाठण्यात अमेरिकी बनावटीच्या गाड्यांत पहिली आली. १९७८ मध्ये अशा २,१८८ गाड्या बनल्या. १९७९ साठी नियमाची रेघ ८,५०० पौंडांवर सरकली. त्या वर्षीच्या लिल रेडला कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल दोन्ही पत्करावे लागले. धुराडी तशीच उभी राहिली.

आज संग्राहक १९७८ च्या गाडीला ‘अस्सल’ मानतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. यंत्र म्हणून ती मलाही आवडते. फक्त तिच्या अस्सलपणाचा एक अर्थ असाही आहे, की तिने तिच्या वाट्याचे शिसे मोकळ्या हवेत सोडले.

कायदा पाहत नाही तेव्हा

आता १९५७ च्या गाडीकडे. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धूर-तपासणीतून सूट आहे. मिशिगनमध्ये तर तपासणीच नाही. म्हणजे जुन्या पिकअपचा मालक त्या नळीच्या टोकाशी आज जवळजवळ एकटा उभा असतो. सीमा कुठे आखायची, हे बरेचसे त्यानेच ठरवायचे.

मुलगा म्हणाला, “बाबा, दोन नळ्या तर हव्यातच. नाहीतर एवढा खटाटोप कशाला?” मलाही तो करकरीत स्वर ऐकायचा होता. आम्ही बिडाचा दुभागलेला मॅनिफोल्ड घेतला आणि बेताच्या जाडीच्या दोन नळ्या. मूळ मॅनिफोल्डवर कार्ब्युरेटरकडे उष्णता नेणारी झडप असते. ती गेली की थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरते. म्हणून रेडिएटरचे गरम पाणी खेळवणारी जोडणी केली. जुना मॅनिफोल्ड काढताना आतला थर कोरडा खरवडायचा नाही, ओला करून, तोंडावर मुखवटा बांधून काढायचा, हे मी आग्रहाने पाळले. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे शिसे त्यात अजून असू शकते.

सायलेन्सर निवडताना मतभेद झाला. त्याला ‘ग्लासपॅक’ हवे होते : भोके पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचा लोकरीसारखा थर. स्वस्त, मोकळे आणि मोठ्या आवाजाचे. थर जळत जातो तसा आवाज वाढतच जातो. मी सुचवले ते ‘टर्बो’ प्रकारचे, ज्यांत धूर वळणे घेत जातो. नावाचा उगम १९६२ च्या टर्बोचार्जर लावलेल्या शेवरोले कॉर्व्हेअरमध्ये आहे. तिचे सायलेन्सर शांत असूनही मोकळे असतात, हे हौशी मेकॅनिकांनी हेरले. मी त्याला एवढेच सांगितले, की ग्लासपॅकची किंमत तू देशील, पण ऐकतील समोरच्या घरातल्या आजीबाई, पहाटे सहा वाजता. तो हसला आणि टर्बो मागवले.

नळ्या मात्र पूर्ण लांबीच्या, मागच्या चाकांच्या पलीकडे नेल्या. हौशी लोक बऱ्याचदा त्या केबिनच्या मागेच संपवतात. या गाडीच्या जमिनीत जुनी भोके आहेत, आणि पेट्रोलची टाकीही केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गळणारा सांधा किंवा आखूड नळी म्हणजे मालकाने सगळ्यांच्या हवेत सोडलेले विष मालकाकडेच परत.

कन्व्हर्टर बसवायचा का, याचा विचार अजून चालू आहे. जुना कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त सोडत असेल, तर कन्व्हर्टर लालबुंद तापतो. म्हणून आधी कार्ब्युरेटर नीट लावून, धुराचे मोजमाप घेऊन मग पुढचे पाऊल टाकायचे. कोणताही कायदा ते मागत नाही. गाडी वर्षाला हजार मैलही फिरणार नाही, त्यामुळे हवेच्या हिशेबात तो फरक नगण्य आहे, हेही मला कळते. पण रीव्ह्ज बंधूंनी डबा बसवला तेव्हा त्यांच्या गावात मोटार तरी किती होत्या? घोडा समोर होता, एवढे कारण त्यांना पुरले.